नानांचे ब्रेक

खोली बघायला गेले तेव्हा नानांनी माझी जात विचारली नाही, लग्नाचं विचारलं नाही, ड्युटीवरून किती वाजता परत येणार हेही विचारलं नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते एवढं ऐकलं आणि ते खुर्चीत पुढे सरकले.

"मग तुमच्याकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल."

"असतं. का?"

"डिस्क पुसायची आहे."

मी लोकांचं रक्त काढणारी मुलगी. डिस्क म्हटलं की मला पाठीचा मणका आठवतो. म्हटलं, म्हाताऱ्याची चकती सरकलेली दिसते आणि कोणीतरी भलताच उपाय सांगितलाय. मी काही बोलायच्या आत ते उठले आणि मणका सरकलेल्या माणसाला झेपणार नाही अशा चपळाईने मला मागच्या अंगणात घेऊन गेले.

जांभळाच्या झाडाखाली एक विचित्र सायकल उभी होती. पुढचं चाक लहान, मागचं मोठं, आणि हँडल व पुढचं चाक यांच्या मधोमध माणूस मांडी घालून बसेल एवढी लांब लाकडी पेटी. पेडलपाशी मोटर, सीटखाली बॅटरी. पुण्यात कोणीतरी पार्सलं वाहायला घेतलेली आणि धंदा बसल्यावर काढून टाकलेली ही मालवाहू इलेक्ट्रिक सायकल नानांनी जळगावला आणली होती. पेटीत गोधडी अंथरलेली, मागे उशी, आडवा पट्टा. आणि त्या पेटीत एक गोऱ्या, जाडसर बाई आरामात बसून मेथी निवडत होत्या.

"ही नवी भाडेकरू," नाना म्हणाले. "रक्त काढते."

"मग आधी यांचं काढ," बाई म्हणाल्या. "डोक्यात फार चढलंय."

त्या अक्का. नानांच्या बायको. खोली मला मिळाली आणि मी तिथे जवळजवळ चार वर्षं राहिले. आज त्या अंगणाची आठवण झाली की आधी हसू येतं. ते फार वेळ टिकत नाही.

नाना पाटबंधारे खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले. उंच, काटकुळे, खाकी अर्धी चड्डी आणि कानावर पेन्सिल. त्यांचं गाव धुळ्याकडचं, आणि मी देवपूरची आहे हे कळल्यावर ते माझ्याशी हळूच अहिराणीत शिरले. "तू धुयानी शे? मग आपलीच शे," म्हणाले, आणि त्या दिवसापासून 'तुम्ही' गेलं. अक्का मात्र आसोद्याच्या. त्यांना नानांची अहिराणी अर्धी कळायची आणि पूर्ण खटकायची.

नानांना सायकल चालवण्यात रस नव्हता. त्यांना ती थांबवण्यात रस होता. "वेग विकत मिळतो," ते म्हणायचे, "थांबणं बसवावं लागतं." दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत गल्लीतल्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं होतं.

सायकलीला आधी तारेचे डिस्क ब्रेक होते. नानांना ते पटेनात. तार ताणते, उन्हाळ्यात ढिली पडते, ऐनवेळी दगा देते. त्यांनी ते काढून तेलाचे बसवले. मग पुढची डिस्क लहान वाटली म्हणून मोठी आणली. मोठी डिस्क जुन्या जागी बसेना, म्हणून स्वतः नकाशा काढून लेथवाल्याकडून पट्टी करून घेतली. ब्रेक दाबल्याबरोबर मोटर बंद व्हावी म्हणून मुठीपाशी एक बारका स्विच जोडला. "नाहीतर एक हात थांब म्हणतो आणि दुसरा चल. माणसानं ऐकायचं कोणाचं?"

डिस्कला, म्हणजे चाकाच्या मध्यावरच्या पोलादी चकतीला, बोट लावायची घरात कोणाला परवानगी नव्हती. बोटाचं तेल लागतं, मग तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारे पॅड तेल पितात आणि ब्रेक किंचाळतात. एकदा ते खरंच किंचाळले. नानांनी दोन दिवस शोध घेतला आणि निष्कर्ष काढला की स्वयंपाकघराची खिडकी अंगणात उघडते, फोडणीची वाफ बाहेर येते आणि ती डिस्कवर बसते. त्या आठवड्यात आमच्या घरात फोडणी बंद झाली. खानदेशातल्या घरात फोडणी बंद! मी लॅबमध्ये डब्यातलं पांढरंफटक वरण खात होते आणि सोबतच्या मुली विचारत होत्या, घरी कोणी आजारी आहे का. शेवटी अक्कांनी वॉकर टेकत टेकत जाऊन खिडकी आतून बंद केली, बाहेरून फळी ठोकायला लावली, आणि मग लसणाचा तडतड आवाज ऐकला तेव्हा मला अक्षरशः भरून आलं.

माझी खरी कामगिरी वेगळीच होती. तेलाच्या ब्रेकमध्ये नळीत हवेचा बुडबुडा राहिला की मूठ दाबल्यावर स्पंजासारखी लागते. ती हवा सिरिंजने काढावी लागते: एक सिरिंज खाली चाकापाशी, दुसरी वर मुठीपाशी. खालून तेल सावकाश ढकलायचं, वरून बुडबुडे निघताना बघायचे. नानांचा हात आता थरथरायचा. मला बोलावलं. मी सिरिंज उभी धरली, टिचकी मारून हवा वर आणली, तेल ढकललं. नळीतून एकेक बुडबुडा वर येऊन फुटला.

"काय हात आहे!" नाना म्हणाले. "तुझ्या हाताखाली रक्त देणाऱ्याला कळतही नसेल."

"ओरडतात की."

"ते सुईला. तुला नाही."

पॅड आणि डिस्क यांच्यात किती फट हवी ते बघायला ते लग्नपत्रिकेची पट्टी कापून मध्ये सरकवायचे. जाड, गुळगुळीत, बरोबर त्या मापाची. घरात आलेली कुठलीच पत्रिका त्यामुळे धड राहत नसे, आणि एकदा आम्ही तिघं एका लग्नाला भलत्याच मंगल कार्यालयात जाऊन जेवून आलो, कारण पत्त्याची ओळ पुढच्या चाकात होती.

नवे पॅड घातले की ते "बसवावे" लागतात. वेग घ्यायचा, थांबायच्या बेताला यायचं, पुन्हा वेग घ्यायचा. असं कितीतरी वेळा. नाना पहाटे कॉलनीच्या रस्त्यावर हे करायचे, आणि पेटीत अक्कांऐवजी गव्हाचं पोतं असायचं, अक्कांच्या वजनाइतकं मोजून भरलेलं. जिथे थांबले तिथे खडूची रेघ. सकाळी शाळेला जाणाऱ्या मुली त्या रेघांवर लंगडी खेळत जायच्या.

मला हे सगळं एका छंदिष्ट म्हाताऱ्याचं खूळ वाटत होतं. त्यामागचं कारण अक्कांनीच सांगितलं, एका सकाळी मी त्यांच्या साखरेसाठी रक्त घेत होते तेव्हा.

"पुलाचा उतार," त्या म्हणाल्या. "रेल्वेवरचा. स्कूटर होती तेव्हा. मागचा ब्रेक ढिला आहे हे मीच सांगितलं होतं यांना. रविवारी बघतो म्हणाले."

रविवार यायच्या आधीच एक दिवस उतारावर पुढे केळीची ट्रॉली आली. ब्रेक लागला नाही. नानांनी स्कूटर कशीबशी बाजूने काढली, पण त्या हिसक्यात मागे बसलेल्या अक्का पडल्या. खुबा मोडला. दोनदा ऑपरेशन झालं, तरी पाय आखूडच राहिला.

"पार खाली गेल्यावर यांनी मागे वळून बघितलं," अक्का म्हणाल्या, "तेव्हा यांना कळलं की मी नाहीये."

मी सुई काढली, कापूस दाबून धरला. तेव्हा मला त्या पेटीचा अर्थ लागला. ती मागे नव्हती, पुढे होती. नानांच्या डोळ्यांसमोर.

पण त्या पेटीतून अक्का जात कुठे होत्या? कॉलनीतल्या देवळापर्यंत, भाजीवालीपर्यंत, फार तर सपाट रस्त्याने बागेपर्यंत. आसोदा तिथून किती लांब? रिक्षाने गेलं तर चहा गार होत नाही एवढ्यावर. अक्कांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे आबा म्हणत, तिथे केळी लावून होते. दर हिवाळ्यात त्यांच्या मळ्यात भरताचा बेत असायचा; कापसाच्या काड्यांवर वांगी भाजायची, कांद्याच्या पातीसोबत बडगीत, म्हणजे लाकडाच्या खोलगट भांड्यात ठेचायची, अख्खं कुटुंब पंगतीला. आबा दरवर्षी बोलवायला यायचे. आणि दरवर्षी नाना म्हणायचे, "ब्रेक अजून बसले नाहीत."

रिक्षा का नाही? कारण नाना रिक्षावाल्याला आधी गल्लीत ब्रेक मारून दाखवायला लावायचे, मग रिक्षाखाली आडवे होऊन बघायचे. दोन-चार जणांनी सहन केलं. पुढे आमच्या गल्लीचं नाव सांगितलं की रिक्षावाले मान हलवून निघून जात. आबा गाडी पाठवतो म्हणाले, तर नानांनी पॅड शेवटचे कधी बदलले ते विचारलं. आबांना ते आठवेना. विषय मिटला.

अक्का या सगळ्यावर हसायच्या. मीही हसायचे. आम्ही दोघी हसत होतो म्हणून असेल, पण त्या घरात काही बिनसलंय असं मला कधी वाटलं नाही.

मग एका थंडीत नानांनी स्वतःहून जाहीर केलं, "बठ्ठं बरोबर शे. सगळं बसलं. रविवारी आसोद्याला जायचं."

अक्का आदल्या दिवशीच तयार झाल्या. ठेवणीतलं पातळ काढलं, केस धुतले. मी माझ्या स्कूटीवर मागून यायचं ठरलं. अर्थात स्कूटीचे ब्रेक तपासून झाल्यावरच. सकाळी नानांनी अक्कांना उचलून पेटीत बसवलं, पट्टा लावला, शाल गुंडाळली, वॉकर बाजूला बांधला. डोक्याला हेल्मेट दोघांच्याही. गल्ली गॅलरीत उभी राहून बघत होती. एवढी माणसं हात हलवायला लागली की अक्कांनीही नव्या नवरीसारखा हात हलवला.

पुलाच्या चढावर सायकल तक्रार न करता चढली. उतार लागला तसा नानांनी वेग इतका कमी केला की मागचे ट्रक हॉर्न वाजवायला लागले. निम्म्या उतारावर ते पूर्ण थांबले. मी घाबरून स्कूटी बाजूला घेतली. सायकल त्या उतारावर खिळ्याने ठोकल्यासारखी उभी होती; तसूभरही सरकत नव्हती.

"इथं," नाना म्हणाले.

"मला माहीत आहे कुठं ते," अक्का पुढे बघत म्हणाल्या. "चला आता. वांगी भाजून होतील."

आसोद्याला आबा मळ्याच्या तोंडाशीच उभे होते. त्यांनी बहिणीला पेटीतून उतरवून घेतलं आणि हात सोडेचनात. "काहून व बाई," ते म्हणाले, "एवढ्याशा वाटेले इतके वर्सं लागले?"

त्या दिवशी मी जी अक्का बघितली ती जळगावच्या घरात मला कधी दिसली नव्हती. त्यांनी बाजेवर बसून सगळ्या सुनांना कामाला लावलं. मिरच्या कमी आहेत म्हणून ओरडल्या. ठेचायला आणलेली बडगी धुऊन कोरडी का केली नाही म्हणून एका पुतण्याच्या पाठीत धपाटा घातला. त्यांची बोलीही बदलली, केळीची 'केयी' झाली, डोळ्याचा 'डोया'. एका भाचीने विचारलं, "आत्या, पाय दुखतो का व?" तर म्हणाल्या, "दुखतो. तुही जीभ नही का दुखत?" सगळी पंगत हसली. कोणी त्यांना हात धरून उठवायला धावलं नाही. त्या आपल्या उठत होत्या, टेकत होत्या, एकदा तर मातीत बसल्याही आणि तशाच बसून भाकरी खाल्ली.

नाना सायकलपाशी होते. डिस्क गरम झाली होती का, पॅडची फट तेवढीच आहे का, बघत होते. मी त्यांना भरीत-भाकरी तिथेच नेऊन दिली. ते खूश होते. "बघितलंस? उतारावर कशी उभी राहिली!" असं त्यांनी मला दोनदा सांगितलं.

ऊन कलायला लागलं तसे ते बाजेपाशी आले. "चल. अंधाराच्या आत पूल ओलांडू."

अक्का तेव्हा हरभऱ्याचे घाटे सोलत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. "मी राहते इथं."

"राहा की. किती दिवस?"

"ते नका विचारू."

नानांना कळलं नाही. मलाही नाही. त्यांनी सायकलीकडे वळून बघितलं. ते म्हणाले, "ब्रेकमध्ये काही कमी वाटलं का?"

अक्कांनी घाटे बाजूला ठेवले. "ब्रेक चांगले आहेत तुमचे. तुमच्या ब्रेकबद्दल माझं काही म्हणणंच नाही."

"मग?"

"मी इथं आत्या आहे. बहीण आहे. तिकडं तुमच्या घरात मी फक्त तुमची चूक आहे. सकाळी उठल्यापासून तुम्ही माझ्याकडे बघता आणि तुम्हाला तो उतार दिसतो. मी दिसतच नाही. मी दमले हो तुमची चूक होऊन."

आबा खाली बघत होते. नानांना मराठी सुचेना झालं असावं. "मनीच चूक शे," ते स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाले. "बठ्ठी मनीच शे."

"तेच म्हणतेय मी," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता.

परत निघालो तेव्हा पेटी रिकामी होती. पुलाचा उतार संपता संपता रस्त्यावर वाळू सांडलेली होती. नानांनी सवयीने ब्रेक दाबला आणि पुढचं चाक एकदम धरलं गेलं, घसरलं, आणि ते सायकलीसकट बाजूला पडले. मी धावले. कोपर सोललं होतं, बाकी काही नव्हतं. ते रस्त्याच्या कडेला बसून पेटीकडे बघत होते.

"पुढे वजनच नही ना," ते मला समजावून सांगितल्यासारखं म्हणाले. "बठ्ठं तिना वजनवर बसाडेल व्हतं."

त्यानंतर नाना दर रविवारी आसोद्याला जायचे. पेटीत गव्हाचं पोतं ठेवून. अक्का त्यांना चहा द्यायच्या, तब्येत विचारायच्या, नाना अंगणात तासभर बसायचे आणि पोतं घेऊन परत यायचे. गावातले लोक पहिल्यांदा विचारायचे, "पाव्हने, गहू इकायले आनले का?" नंतर विचारेनासे झाले.

मी एकदा म्हटलं, "नाना, रिकाम्या सायकलीला जमतील असे ब्रेक हलके करून टाकू. लहान डिस्क आहे ना जुनी? मी येते हात लावायला."

"नको," ते म्हणाले. "ती येईल ना. तेव्हा परत बसवत बसायचं का?"

पुढे मला धुळ्यात नोकरी मिळाली. निघताना नानांनी माझ्या स्कूटीचे पॅड बदलून दिले आणि जुने पॅड माझ्या हातावर ठेवून किती झिजले होते ते दाखवलं. फोनवर बोलणं व्हायचं, ते हळूहळू सणावारापुरतं उरलं. अक्कांचा विषय ते काढत नसत आणि मला काढवत नसे.

एका उन्हाळ्यात कळलं की नाना गेले. हृदयविकाराचा झटका आला होता. हॉस्पिटलमध्ये थोडे दिवस होते. मी आसोद्याला गेले तेव्हा अक्का ओट्यावर बसल्या होत्या. कपाळ मोकळं होतं, बाकी तशाच. सायकल गोठ्याच्या भिंतीला लावलेली होती. पुतण्या तिच्यावरून चारा आणतो म्हणाल्या.

"मी गेले होते दवाखान्यात," त्या म्हणाल्या. "आबाच्या गाडीतून. खाटेपाशी बसले. यांनी डोळे उघडले, म्हणाले, कशी आलीस? म्हटलं, आबाच्या गाडीतून. म्हणाले, बरं झालं. गाडीचे ब्रेक कसे आहेत, ते विचारलंच नाही. तेव्हाच मला कळलं, आता काही खरं नाही."

सुनेने चहा आणला. आम्ही दोघी घोटघोट पीत होतो. गरम वाऱ्याने केळीची पानं एकमेकांवर फाटत होती, त्याचा आवाज येत होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "अक्का, तुम्ही त्या दिवशी बोललात ते खरंच होतं. मनाला लावून घेऊ नका."

"खरं होतं," त्या म्हणाल्या. "पण उशिराचं होतं. मी पडले ना, तेव्हा मी यांना एक शब्द बोलले नाही. पट्टीत पाय, आणि मी म्हणतेय, असू द्या, तुम्हाला कुठं लागलं का? सगळ्या दवाखान्यात माझं कौतुक. मलाही बरं वाटलं. आणि हा माणूस रोज माझ्या खाटेशी बसायचा, माझ्या तोंडाकडे बघत. आता बोलेल, मग बोलेल. शिवी देईल, कपाळावर हात मारून घेईल, काहीतरी करेल. मी काहीच केलं नाही गं. मग यांनी सोडलंच नाही ते."

त्यांनी कप खाली ठेवला. बशी सरळ केली.

"कडाकडा भांडायला हवं होतं मी. घर डोक्यावर घेऊन. मी शुद्धीवर आले, त्याच दिवशी."